बोल्टनचा उपेक्षित कारागीर : सॅम्युअल क्रॉम्प्टन

इंग्लंडच्या उत्तर भागात, जुन्या लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरपासून दहा-बारा मैलांवर बोल्टन नावाचे शहर आहे. एके काळी या शहराचे आकाश गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेलेले असे आणि येथे निघालेले तलम सूत देशोदेशी जात असे. या उद्योगनगरीशी अनेक नामवंतांचा संबंध आहे. साबणाच्या कारखानदारीतून अफाट संपत्ती मिळविणारा विल्यम लिव्हर १८५१ साली येथेच जन्मला. अमेरिकेतील पर्वतांची आणि दऱ्याखोऱ्यांची भव्य चित्रे रंगविणारा टॉमस मोरान १८३७ मध्ये जन्मला तोही येथेच. कातण्याच्या यंत्राने सरदारकीपर्यंत पोहोचलेला रिचर्ड आर्कराइट हा जन्माने प्रेस्टनचा; परंतु न्हाव्याचा आणि केसांचे टोप करण्याचा धंदा त्याने बोल्टनमध्येच थाटला होता. या साऱ्यांनी हयातीतच कीर्ती आणि धन दोन्ही पाहिले. ज्याच्या बुद्धीवर बोल्टनचे सारे वैभव उभे राहिले, त्या सॅम्युअल क्रॉम्प्टनच्या वाट्याला मात्र यांतले फारच थोडे आले. त्याची जीवनकथा आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

क्रॉम्प्टनचा जन्म ३ डिसेंबर १७५३ रोजी बोल्टनजवळच्या फरवुड फोल्ड येथील एका साध्या घरात झाला. त्याचे वडील जॉर्ज हे थोडी शेती आणि थोडे विणकाम करून संसार चालवीत. सॅम्युअल पाच वर्षांचा असताना हे कुटुंब जवळच्याच एका जुन्या, मोडकळीस आलेल्या वाड्यात राहावयास गेले. 'हॉल-इ-थ-वुड' हे त्या वाड्याचे नाव. त्याचा अर्थ रानातला वाडा. थोड्याच काळात वडील वारले आणि सॅम्युअल व त्याच्या दोन धाकट्या बहिणी यांचा भार आईवर पडला.

ही आई मोठी करारी बाई होती. गाई पाळणे, मधमाश्यांची पोळी सांभाळणे, सूत कातणे, कापड विणणे अशी अनेक कामे करून तिने घर मोडू दिले नाही. मुलाला तिने शाळेत घातले. त्याला गणिताची विशेष गोडी लागली. मात्र दररोज ठरलेले सूत कातून झाल्याखेरीज त्याची सुटका नसे. ठराव पुरा झाला नाही तर आईची कठोर बोलणी ऐकावी लागत. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो 'जेनी' नावाच्या यंत्रावर कातू लागला. या यंत्रावर सूत वारंवार तुटे आणि तुटलेले धागे सांधण्यातच त्याचा अर्धा वेळ जाई. आईच्या रागाच्या आणि तुटक्या धाग्यांच्या कात्रीत सापडलेल्या या मुलाच्या मनात, याहून चांगले यंत्र का होऊ नये, हा प्रश्न हळूहळू घर करू लागला.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या कापडधंद्याची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. १७३३ मध्ये बोल्टनच्या शेजारच्या बरी गावच्या जॉन के याने झटक्यासरशी धावणारा धोटा काढला. त्यामुळे विणकराचे काम दुपटीने वाढले. पण त्याला पुरेल इतके सूत मिळेना. सुतासाठी विणकर दारोदार हिंडू लागले. पुढे १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्ज याने जेनी बनविली. तिच्यावर एकाच माणसाला अनेक चात्या फिरविता येत. परंतु तिचे सूत मऊ आणि कमजोर निघे, म्हणून ते केवळ आडव्या धाग्यांच्या, म्हणजे बाण्याच्या, कामी येई. १७६९ मध्ये आर्कराइटने रुळांच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे सूत बळकट होते आणि उभ्या धाग्यांच्या, म्हणजे ताण्याच्या, उपयोगी पडे. पण ते जाडेभरडे असे. सूत बळकटही असावे आणि तलमही असावे, ही गोष्ट कोणालाच साधली नव्हती. मलमलीसारखे झिरझिरीत वस्त्र हवे असल्यास इंग्लंडला हिंदुस्थानच्या तोंडाकडेच पाहावे लागे. ढाक्याच्या कातणारणींच्या बोटांत जी किमया होती, ती लँकेशायरच्या कोणत्याही यंत्रात उतरली नव्हती.

हे कोडे सोडविण्यास एकवीस वर्षांचा क्रॉम्प्टन १७७४ च्या सुमारास बसला आणि पाच वर्षे त्याने दुसरा ध्यास धरला नाही. दिवसा पोटापाण्यासाठी विणकाम आणि रात्री यंत्राची जुळवाजुळव, असा त्याचा क्रम होता. जवळ हत्यारे बेताचीच होती; काही वडिलांच्या मागे राहिलेली, तर काही स्वतः घेतलेली. त्याला संगीताचे वेड होते. स्वतःच्या हाताने केलेले व्हायोलिन तो बोल्टनच्या नाटकगृहात वाजवी आणि त्याबद्दल रात्रीला मिळणारा दीड शिलिंग हत्यारांवर खर्च करी. मध्यरात्री त्या जुन्या वाड्यातून चमत्कारिक आवाज येतात, खिडक्यांतून दिवे हलताना दिसतात, हे पाहून वाड्यात भुतांचा वावर आहे अशी वदंता आसपास पसरली. पुढे लोकांना कळले की ते भूत म्हणजे विधवा क्रॉम्प्टनबाईंचा कष्टाळू मुलगा होय!

१७७९ मध्ये यंत्र सिद्ध झाले. आर्कराइटचे रूळ आणि जेनीच्या चात्या यांचा त्यात मिलाफ होता. परंतु खरी कल्पकता वेगळ्याच ठिकाणी होती. जेनीमध्ये चात्या जागच्या जागी फिरत आणि कापसाची वात धरणारा चिमटा मागे-पुढे सरके. क्रॉम्प्टनने चात्याच एका चाकांच्या गाड्यावर बसविल्या. रुळांच्या जोड्यांतून कापसाची वात बारीक होऊन बाहेर येई, त्याच वेळी गाडा सुमारे पाच फूट मागे सरके आणि फिरत्या चात्या धाग्याला पीळ देत. मग रूळ थांबत. गाडा मात्र आणखी थोडा मागे जाई. त्या हलक्या ताणाने धाग्याचे जाड भाग लांबून सर्वत्र सारखे होत. नंतर गाडा परत पुढे येताना तयार सूत चात्यांवर गुंडाळले जाई. ज्याने टकळीवर सूत काढून पाहिले आहे, त्याच्या हे सहज ध्यानात येईल. कारण ओढणे, पीळ देणे आणि गुंडाळणे या हाताच्या तिन्ही क्रियांचेच हे अनुकरण होते. दोन जातींच्या यंत्रांच्या संकरातून जन्मले म्हणून लोकांनी त्याला पुढे 'म्यूल', म्हणजे खेचर, असे नाव दिले.

पण यंत्र पुरे होते न होते तोच संकट उभे राहिले. यंत्रे आपली भाकरी हिरावून घेतात या भीतीने बेभान झालेल्या मजुरांचे जमाव १७७९ च्या शरदात लँकेशायरभर फिरू लागले. वीसपेक्षा अधिक चात्यांची जेनी दिसली की तिचे तुकडे होत. क्रॉम्प्टनच्या यंत्राला तर अठ्ठेचाळीस चात्या होत्या. त्याने ते सुटे केले आणि छताला भोक पाडून त्याचे भाग माळ्यावर लपविले. दंगल शमल्यावर ते पुन्हा जोडले.

१६ फेब्रुवारी १७८० रोजी त्याचा मेरी पिमलॉट हिच्याशी विवाह झाला. तीही कातण्यात निपुण होती. पतिपत्नी दोघे मिळून नव्या यंत्रावर सूत काढू लागली. त्यांचा थोरला मुलगा जॉर्ज याने पुढे आपल्या बालपणीची जी आठवण नमूद केली आहे, ती मोठी हृद्य आहे. तो नुकता चालू लागला असेल, त्या वेळी आई झोडपून मोकळा केलेला कापूस साबणाच्या पाण्याच्या खोल भांड्यात टाकी आणि त्याचा झगा वर खोचून त्याला तो कापूस तुडविण्यासाठी आत उभा करी. असा हा घरगुती कारखाना होता!

त्यांच्या सुताची कीर्ती बाजारात पसरण्यास वेळ लागला नाही. एका पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. चाळीस नंबरच्या सुताची कताई आणि पूर्वतयारी यांबद्दल क्रॉम्प्टनला पौंडामागे १४ शिलिंग मिळाले, साठ नंबरसाठी २५ आणि ऐंशी नंबरसाठी ४२. ऐंशी नंबर म्हणजे एका पौंडात ६७,२०० वार, सुमारे अडतीस मैल लांबीचा धागा! असे सूत इंग्लंडात कोणी पाहिले नव्हते.

मग काय विचारता? रानातल्या वाड्याभोवती माणसांची रीघ लागली. कोणी सूत घेण्याच्या निमित्ताने आत डोकावू लागले, कोणी शिड्या लावून खिडक्यांतून पाहू लागले. खिडकीपुढे पडदा लावावा, तर माळ्यावरून भोकातून टेहळणी! क्रॉम्प्टनला शांतपणे काम करणे अशक्य झाले. पेटंट घेण्यास लागणारा पैसा त्याच्यापाशी नव्हता आणि व्यवहाराची जाणही नव्हती. यंत्र मोडून टाकावे किंवा सर्वांना द्यावे, असे दोनच मार्ग त्याला दिसू लागले. ज्याच्यासाठी आयुष्याची पाच वर्षे वेचली ते मोडण्यास मन होईना. एका परिचित व्यापाऱ्याच्या सल्ल्याने १७८० मध्ये त्याने दुसरा मार्ग पत्करला. ऐंशीहून अधिक कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी एका कागदावर सह्या केल्या आणि यंत्र पाहावयास मिळाल्यावर वर्गणी देण्याचे मान्य केले. क्रॉम्प्टनने यंत्र उघडे केले.

त्या सर्वांकडून मिळून जी रक्कम हाती पडली, ती सुमारे ६० पौंड होती. काहींनी तर सही करूनही कबूल केलेली वर्गणी दिली नाही. मिळालेल्या पैशातून क्रॉम्प्टनने स्वतःसाठी नवे यंत्र केले. ते आधीच्या यंत्रापेक्षा अवघ्या चार चात्यांनी मोठे होते! पाच वर्षांच्या तपश्चर्येचे हे फळ.

येथे आर्कराइटची आठवण होणे स्वाभाविक आहे. आर्कराइट हा व्यवहारात अत्यंत तल्लख. त्याने भांडवलदार मिळविले, पेटंटे घेतली, कारखाने उभारले. १७८५ मध्ये न्यायालयाने त्याची पेटंटे रद्द केली, तरीही १७८६ मध्ये तो 'सर' झाला आणि १७९२ मध्ये गडगंज संपत्ती मागे ठेवून मरण पावला. क्रॉम्प्टनचा पिंड अगदी निराळा होता. तो लाजाळू, मानी आणि अबोल होता. स्वतःच्या मालाची किंमत मागण्याचीही त्याला शरम वाटे. पुढे पंतप्रधान झालेल्या रॉबर्ट पील यांचे वडील त्या काळचे मोठे कारखानदार होते. त्यांनी त्याला आपल्याकडे पगारी जागा आणि नंतर भागीदारीही देऊ केली. पण त्याने दोन्ही नाकारल्या. ती भागीदारी त्याने पत्करली असती तर त्याचे आयुष्य पालटले असते, असे आम्हाला वाटते. मात्र एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा विश्वास ठेवणे किती अवघड जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

विश्वासघाताचे प्रसंग पुढेही आले. बोल्टनजवळच्या ओल्डहॅम्स या ठिकाणी बिऱ्हाड हलवून तो सूत काढू लागला. त्याच्या हाताखाली जो कामगार तयार होई, त्याला अधिक मजुरीची लालूच दाखवून दुसरे कारखानदार फोडून नेत. कापूस पिंजण्याचे एक नवे यंत्रही त्याने बनविले होते. परंतु हेही आपल्या हातून जाणार, या विचाराने संतप्त होऊन त्याने ते कुऱ्हाडीने फोडून टाकले. या कृत्याचे समर्थन करता येणार नाही. त्यामागची व्यथा मात्र कोणालाही समजण्यासारखी आहे.

१७९१ मध्ये तो बोल्टन शहरातील किंग स्ट्रीटवर राहावयास आला आणि अखेरपर्यंत, मधली काही वर्षे सोडता, तेथेच राहिला. नव्या शतकाच्या आरंभी मँचेस्टरच्या काही सज्जनांनी वर्गणी जमवून त्याला सुमारे ५०० पौंड मिळवून दिले. इकडे म्यूलचा प्रसार विलक्षण वेगाने होत होता. लाकडी रुळांच्या जागी धातूचे रूळ आले, चात्यांची संख्या शेकड्यांनी वाढली, यंत्रे प्रथम पाण्यावर आणि नंतर वाफेवर चालू लागली. १८११ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, क्रॉम्प्टन आपल्या यंत्राचा पसारा स्वतःच मोजावयास निघाला. बोल्टनच्या साठ मैलांच्या परिसरातील साडेसहाशे गिरण्यांचा त्याने हिशेब मांडला. जेनीच्या चात्या दीड लाखांच्या आसपास होत्या, आर्कराइटच्या यंत्राच्या तीन लाखांच्या वर. आणि म्यूलच्या चात्या होत्या शेहेचाळीस लाख! हजारो कुटुंबांचे अन्न आणि शेकडो गिरणीमालकांचे वैभव त्या चात्यांवर फिरत होते. आणि त्या चात्यांना गती देणारा माणूस कर्जाची विवंचना करीत होता.

हा हिशेब घेऊन १८१२ मध्ये तो लंडनला पार्लमेंटच्या दारी गेला. चेचकावरील लसीबद्दल एडवर्ड जेन्नर याला पार्लमेंटने १८०२ मध्ये १०,००० आणि १८०७ मध्ये आणखी २०,००० पौंड दिले होते. यंत्रमागाचा शोधक कार्टराइट यालाही १८०९ मध्ये १०,००० पौंड मिळाले होते. त्यामुळे क्रॉम्प्टनच्या मित्रांना मोठी आशा होती. ११ मे १८१२ च्या सायंकाळी तो कॉमन्स सभागृहाच्या दालनात पील यांच्याशी बोलत उभा होता. तेवढ्यात पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल तिकडे येताना दिसले. आपल्याविषयीचे बोलणे आपण ऐकू नये, या संकोचाने क्रॉम्प्टन बाजूला झाला. पंतप्रधानांनी त्याच्यासाठी २०,००० पौंड सुचविण्याचे ठरविले होते, असे सांगतात. पण काही क्षणांतच त्या दालनात पिस्तुलाचा बार झाला. जॉन बेलिंगहॅम नावाच्या माथेफिरूने पर्सिव्हल यांचा खून केला होता. या धामधुमीत क्रॉम्प्टनचे प्रकरण मागे पडले आणि अखेर जूनमध्ये त्याला ५,००० पौंड मंजूर झाले.

ही रक्कम त्या काळी लहान नव्हती; पण तीही टिकली नाही. बोल्टनच्या उत्तरेस असलेल्या ओव्हर डार्वेन येथे मुलांसह त्याने कापड धुऊन पांढरे करण्याचा धंदा काढला, तो बुडाला. कापसाच्या व्यापारातील भागीदारीही फसली. उतारवयात त्याला पुन्हा चणचण भासू लागली, तेव्हा १८२४ मध्ये काही हितचिंतकांनी वर्षाला ६३ पौंडांची नेमणूक करून दिली. स्वेडनबोर्ग पंथाच्या प्रार्थनामंदिरासाठी चाली बांधणे आणि वाद्ये वाजविणे, हाच त्याचा अखेरचा विरंगुळा होता. २६ जून १८२७ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, किंग स्ट्रीटवरील घरात त्याने देह ठेवला. सेंट पीटर चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले.

बोल्टनला त्याची आठवण झाली ती त्यानंतर पस्तीस वर्षांनी. २४ सप्टेंबर १८६२ रोजी नेल्सन चौकात त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तो काळही विलक्षण होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे कापूस येईनासा झाला होता, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि हजारो कामगार उपाशी होते. मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाचे भाव गगनाला भिडले, ते याच दिवसांत. पुतळ्यासाठी वर्गणी जमली खरी. पण त्या समारंभास आलेला क्रॉम्प्टनचा वृद्ध मुलगा जॉन मात्र दारिद्र्यातच दिवस कंठीत होता.

येथवर ही कथा वाचून कोणाही सहृदय वाचकाला क्रॉम्प्टनविषयी करुणा वाटेल. परंतु आपण हिंदी लोकांनी तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. म्यूलमुळे इंग्लंडला मलमलीचे सूत घरीच मिळू लागले. त्यात हिंदी कापडावर इंग्लंडात जबर जकात आणि विलायती मालाला हिंदुस्थानात जवळजवळ मोकळी वाट, अशी कंपनी सरकारच्या अमदानीतील नीती. परिणामी ढाक्याची मलमल लयास गेली आणि खेडोपाडीच्या चरख्यांचे आवाज मंदावत गेले. आपले कोष्टी आणि साळी कसेबसे तग धरून राहिले, पण त्यांच्या मागावर विलायती सूत चढले. ज्या बायकांचा संसार चार पैशांच्या कताईवर चाले, त्यांना कोणत्याही पार्लमेंटने भरपाई दिली नाही. पुढे १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली, इंदूर-बडोद्यासारख्या संस्थानी शहरांतही गिरण्या आल्या. आणि लँकेशायरमध्ये सिद्ध झालेली विद्या आपल्या कामगारांनी आत्मसात केली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले महात्मा गांधी लँकेशायरच्या बेकार गिरणीकामगारांना भेटावयास गेले, ते याच डार्वेनमध्ये. विलायती कापडावरील बहिष्काराची झळ ज्यांना लागली होती, त्याच कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. चरख्याचा कैवारी आणि यंत्रावर जगणारे मजूर यांची ती भेट आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. दोघांनाही एकमेकांचे दुःख ठाऊक होते.

या साऱ्याचा दोष क्रॉम्प्टनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याने केवळ तुटणारा धागा तुटू नये, एवढाच प्रयत्न केला. यंत्राचा लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हे यंत्र ठरवीत नाही. ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा असतो ते ठरवितात. त्यांनीच हिंदुस्थानच्या कातणारणींना वाऱ्यावर सोडले आणि त्यांनीच यंत्राच्या जनकालाही साठ पौंडांवर वाटेला लावले.

ज्या वाड्यात म्यूल जन्मले, तो पुढे विल्यम लिव्हरने विकत घेऊन १९०० मध्ये बोल्टन शहराला अर्पण केला आणि तेथे संग्रहालय झाले. क्रॉम्प्टनचे चरित्र वाचताना विद्यार्थ्यांनी त्याची चिकाटी घ्यावी, असे कोणीही सांगेल आणि ते योग्यच आहे. आम्हाला आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. वर्गणीच्या त्या कागदावर सही करणारे ऐंशीच्या वर गृहस्थ कोणी चोर-दरोडेखोर नव्हते. ते गावातले प्रतिष्ठित, चार लोकांत मान असलेले व्यापारी होते. प्रत्येकाला वाटले असेल की आपण न दिल्याने किंवा थोडे दिल्याने काय बिघडणार आहे? पुढील आयुष्यात आपल्यापैकी बहुतेकांवर क्रॉम्प्टन होण्याची पाळी येणार नाही. पण दुसऱ्याच्या श्रमाचे फळ हाती घेऊन दिलेल्या शब्दाखाली सही करण्याची पाळी प्रत्येकावर येईल. त्या वेळी हा बोल्टनचा कारागीर आठवला, तर त्याचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.